पाकिटावरचं नाव सोड, पिकअप बघ

अगं, तू इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलंस हे फार चांगलं केलंस. आता त्याच्या तारा बदलायला निघाली आहेस, तर दुकानात पाऊल टाकण्याआधी या काकाचं थोडं ऐकून घे. तू जाऊन ‘मँडोलिनच्या तारा द्या’ म्हणशील. दुकानदार काचेखालून एक पाकीट काढेल. त्यावर मँडोलिनचं चित्र असेल, आतल्या तारा सोनेरी चमकत असतील, आणि तो शपथेवर सांगेल की याच चालतात. तो खोटं बोलत नसतो. त्या तारा चालतात, पण लाकडी मँडोलिनवर. तुझ्या वाद्यावर त्यांतल्या निम्म्या तारा दबक्या आवाजात बोलतील.

मँडोलिनच्या नावाने मिळणारी बहुतेक पाकिटं पोकळ पेटीच्या वाद्यासाठी केलेली असतात. तिथे तार घोडीला हलवते, घोडी वरच्या फळीला, फळी हवेला. तुझं वाद्य भरीव लाकडाचं. त्यात हवा हलवायचं काम अॅम्प्लिफायरचा स्पीकर करतो आणि तारेचं म्हणणं ऐकण्याचं काम पिकअप करतो. म्हणून तार निवडताना पहिला प्रश्न पिकअपला विचारायचा.

पिकअप कोणता ते आधी ओळख

तारांच्या खाली, पट्टी संपते तिथून घोडीपर्यंतच्या जागेत एखादी काळी किंवा चकचकीत डबी बसवलेली दिसते का? तिच्यावर स्क्रूची डोकी किंवा गोल धातूचे ठिपके दिसतात का? मग तो चुंबकी पिकअप. असं काहीच दिसत नाही आणि तरी वाद्याला वायर लागते, तर घोडीखाली किंवा घोडीतच पिएझो दडलेला असणार.

पिएझोला तारेच्या धातूशी देणंघेणं नसतं. घोडीवरचा दाब कमीजास्त झाला की त्याला पुरतं. त्याच्यावर ब्राँझच्या तारा खुशाल लाव.

चुंबकी पिकअपचं तसं नाही. आत चुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचं हजारो फेऱ्यांचं वेटोळं असतं. चुंबकाला ओढता येईल असा धातू समोर हलला की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात वीज उमटते. पोलाद आणि निकेल त्याला समजतात. ब्राँझ, पितळ, तांबं हे त्याच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यासारखेच.

आता मँडोलिनच्या तारा आठव. ई आणि ए या वरच्या दोन तारा साध्या पोलादी. डी आणि जी या खालच्या दोन गुंडाळीच्या, म्हणजे आत पोलादी गाभा आणि वरून दुसऱ्या बारीक तारेची गुंडाळी. ती गुंडाळी ब्राँझची असेल तर पिकअपला फक्त आतला बारीक गाभा ऐकू येतो. परिणाम असा की ई आणि ए ओरडतात, डी आणि जी कुजबुजतात. मग माणसं अॅम्प्लिफायरचा बेस वाढवतात, पिकअप वरखाली करतात, शेवटी वाद्यालाच नावं ठेवतात. दोष गुंडाळीचा असतो.

निकेल म्हणजे निकेलच, याची खात्री कर

चुंबकी पिकअपसाठी गुंडाळी तीन प्रकारांतली चालते.

निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद: आवाज उजळ, दम भरपूर, मिळायला सोपी. इलेक्ट्रिक गिटारच्या बहुतेक तारा याच. पहिल्यांदा तारा बदलते आहेस तर हीच घे.

शुद्ध निकेल: आवाज जरा मऊ, जुन्या काळचा. धार कमी. ज्याचं वाद्य मुळातच कर्कश बोलतं त्याला ही मानवते.

स्टेनलेस स्टील: सर्वांत चमकदार आवाज, गंज सहसा लागत नाही, पण धातू कठीण असल्याने पडदे लवकर झिजवते. ज्याच्या बोटांना आम्लट घाम येतो आणि ज्याच्या तारा चार दिवसांत काळवंडतात त्याने ही वापरून बघावी.

ओळखायचं कसं? सोनेरी, तांबूस छटा दिसली की ब्राँझ, हे सोपं आहे. पण रुपेरी दिसणारी प्रत्येक तार निकेलची असते असं समजू नकोस. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची गुंडाळीही रुपेरीच दिसते, आणि ती पिकअपला तितकीच परकी. काही जण दुकानात चुंबक लावून बघतात. तीही परीक्षा फसवी, कारण ब्राँझच्या तारेतला पोलादी गाभाही चुंबकाला चिकटतो. खरी परीक्षा अशी: तार चढवून झाल्यावर कापलेला तुकडा फेकू नकोस. त्याची वरची गुंडाळी नखाने थोडी उलगड आणि ती सुटी बारीक तार चुंबकाजवळ ने. ओढली गेली तर पुढच्या वेळी तेच पाकीट आण.

पाकिटावर ‘फॉस्फर ब्राँझ’ किंवा ‘८०/२०’ असं काही छापलेलं असेल तर ते परत ठेव. ८०/२० म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. वर ‘कोटेड’ लिहिलंय म्हणून भुलू नकोस. गंज लागू नये म्हणून दिलेला तो पातळ लेप आहे, आतला धातू त्याने बदलत नाही.

जोडतारा की एकेरी

तुझ्या वाद्याला आठ खुंट्या आहेत, चार आहेत की पाच, यावर पुढचं सगळं ठरतं.

मँडोलिनचा तो थरथरता, ओला आवाज जोडतारांचा. एकाच स्वरात लावलेल्या दोन तारा कधीच शंभर टक्के सारख्या नसतात, आणि त्या बारीक फरकातून तो थरथराट भरून येतो. हिंदी चित्रपटगीतांत तो आपल्या ओळखीचा आहे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार म्हणून नाव काढण्याआधी मँडोलिनच वाजवायचे. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी तर याच वाद्यावर शास्त्रीय अंगाने वाजवून दाखवलं.

पण वीज लागली तशी वाद्याची गरज बदलली. गिब्सनने १९३० च्या दशकात पिकअप बसवलेली मँडोलिनं काढली ती आठ तारांचीच. १९५२ मध्ये पॉल बिग्स्बीने टायनी मूर या मँडोलिनवादकासाठी पाच एकेरी तारांचं वाद्य बनवलं. फेंडरने १९५६ मध्ये जे इलेक्ट्रिक मँडोलिन बाजारात आणलं त्याला तर चारच तारा होत्या. अॅम्प्लिफायर आवाज मोठा करणारच असेल तर त्यासाठी तारा दुप्पट करायची गरज उरत नाही. ब्राझीलमध्ये बाहियाच्या कार्निव्हलमध्ये ट्रकवर वाजणारी गिटारा बाइयाना ही याच घराण्यातली, पंचमाच्या अंतराने लावलेली आणि एकेरी तारांची.

आपल्याकडे ही गोष्ट सर्वांत पुढे नेली ती पालकोल्लूच्या उप्पलापू श्रीनिवास यांनी. जन्म १९६९, गेले २०१४ मध्ये. लहानपणीच इलेक्ट्रिक मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून त्यांनी भल्याभल्यांना गप्प केलं. जोडतारा काढून एकेरी पाच तारा त्यांनी ठेवल्या, कारण गमक काढायचा तर तार पट्टीवर बाजूला ओढता आली पाहिजे. दोन तारा एकदम सारख्या ओढणं बोटाला जमत नाही; एक पुढे जाते, एक मागे राहते, आणि स्वर फाटतो.

म्हणून तुला मींड-गमक वाजवायचे असतील तर एकेरी तारांचं वाद्य बरं. आठ खुंट्यांचं असेल तरी एकेक तार काढून चारच ठेवून बघता येतं. नटच्या, म्हणजे पट्टीच्या खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिथून जातात त्या आडव्या पट्टीच्या, खाचा थोड्या बाजूला पडतात, पण प्रयोगाला हरकत नाही. भजनाच्या ठेक्यावर, लोकगीतांत, जुन्या गाण्यांत ट्रेमोलो, म्हणजे एकाच स्वरावर भराभर फिरणारं पिक, हवा असेल तर जोडतारा ठेव.

जोडतारा ठेवल्यास एक नियम. जोडीतली एक तार तुटली तरी दोन्ही बदल. जुनी आणि नवी एकमेकींशी कधीच जुळत नाहीत. आणि चार एकेरी तारांचं वाद्य असेल तर आठ तारांच्या एका पाकिटात तुझे दोन संच निघतात हे विसरू नकोस.

तारेचं टोक: गोळी की फास

धातू अचूक आणलास, जाडी अचूक आणलीस, आणि घरी आल्यावर तार अडकवायलाच जागा नाही, असं फार होतं. वाद्याचं मागचं टोक आधी बघ. तिथे बारीक आकडे असतील तर तारेच्या टोकाला फास हवा. भोकं किंवा खाचा असतील तर गिटारसारखी पितळी गोळी हवी. काही टेलपीस दोन्ही घेतात.

आकडे आहेत आणि हातात गोळीची तार आहे, तरी अडत नाही. गोळी पक्कडीत आडवी धरून हळूच दाब. ती चेपते आणि वेटोळ्यातून निसटते, मागे सुबक फास उरतो. डोळ्यांवर चष्मा ठेव, गोळीचा तुकडा उडतो. आणि पीळ दिलेला भाग पक्कडीत येऊ देऊ नकोस. तिथे ओरखडा पडला की तार तिथेच तुटते.

उलटं मात्र जमत नाही. फासाची तार गोळीच्या भोकात थांबत नाही. काही जण जुन्या तारेची गोळी फासात ओवून काम भागवतात. घाईच्या कार्यक्रमात ठीक, कायमचं नको.

नंबरांचं गणित

तारेचा नंबर म्हणजे इंचाचे हजारावे भाग. १० नंबर म्हणजे ०.०१० इंच, साधारण पाव मिलिमीटर. ३८ नंबर म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर.

मँडोलिनवर गिटारच्या तारा चालतील का, असं तू विचारशील. चालतात, आणि का चालतात ते एकदा समजलं की दुकानात कोणी तुला फसवणार नाही. गिटारच्या पहिल्या तारेवर बाराव्या पडद्यावर बोट ठेव. जो स्वर येतो तोच मँडोलिनचा ई. बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंतची लांबी मोज, पावणेतेरा इंचांच्या आसपास भरेल. मँडोलिनची बोलती तार, म्हणजे नट ते घोडी, साधारण पावणेचौदा ते चौदा इंच. म्हणजे गिटारची ती तार मँडोलिनवर थोडी जास्त ताणली जाते, एवढाच फरक.

तुझ्या वाद्याची लांबी १३ पूर्णांक ७/८ इंच, म्हणजे ३५ सेंटिमीटरच्या जरा वर, असं धरून ताण सांगतो. आकडे अंदाजे घे. कंपनीगणिक थोडा फरक पडतो.

ई साठी ९ नंबरला ७ किलो, १० ला पावणेनऊच्या आसपास, ११ ला साडेदहा. ए साठी १४ ला साडेसात, १५ ला पावणेनऊ. डी साठी निकेल गुंडाळीच्या २४ ला साडेआठ, २६ ला दहा. जी साठी ३६ ला सव्वाआठ, ३८ ला सव्वानऊ.

या आकड्यांत बघायचं काय, तर चारही तारांचा ताण एकमेकांच्या जवळपास असावा. एक तार सैल आणि दुसरी करकरीत असली की उजवा हात गोंधळतो. १०-१४-२४-३६ हा हलका संच. चार तारांचा मिळून ताण ३३ किलोच्या आसपास. ११-१५-२६-३८ हा मध्यम. तो ३८ किलोंपर्यंत जातो. जोडतारा असतील तर हे आकडे दुप्पट होतात. मध्यम संचाच्या आठ तारा वाद्याची मान पाऊणशे किलोंहून जास्त जोराने खेचत असतात. जुन्या वाद्याच्या मानेत तिला आधार देणारा धातूचा दांडा, म्हणजे ट्रस रॉड, नसेल तर जोडतारांसाठी हलकाच संच घे.

गिटारचं सर्वांत सहज मिळणारं पाकीट १०-४६ चं. त्यात १०, १३, १७, २६, ३६ आणि ४६ अशा सहा तारा येतात. त्यातली १० ई ला, २६ डी ला, ३६ जी ला सरळ लाव. ए ला १३ जरा सैल पडते आणि १७ फारच ताठ. म्हणून १४ नंबरची सुटी तार वेगळी घे. एवढ्यात तुझा संच तयार.

पाच तारांचं वाद्य असेल आणि खालची सी लावायची असेल तर त्या पाकिटातली ४६ लावण्याचा मोह होईल. लावलीस तर ती पट्टीवर लडबडेल, सहा किलोंच्याही आत ताण राहतो. सी साठी ५२ ते ५४ हवी. एवढ्या लहान लांबीवर खर्ज ओढून आणायचा तर तार जाडच लागते, त्याला उपाय नाही.

हात कसा आहे, त्यावर नंबर

बारीक तार बोटाला सोपी, मींड घ्यायला हलकी. पण जोरात दाबलीस तर स्वर वर चढतो, आणि जोरात पिक मारलास तर तार पडद्यांवर आपटते. जाड तार आवाजाला भरदार, लावलेला स्वर धरून ठेवणारी. पण गमकाला बोटं सोलून काढते. तुझा उजवा हात जड असेल तर मध्यम संच घे. डावा हात नाजूक खेळणार असेल तर हलका.

सगळा संच एकदम बदलू नकोस. एका वेळी एकाच तारेचा एकच नंबर बदल आणि त्याच्यावर निदान काही दिवस वाजव. नाहीतर कोणत्या तारेने काय केलं हे कळणार नाही.

सा-प-सा-प लावणार असशील तर

आपल्या संगीतासाठी बरेच जण जी-डी-ए-ई हे व्हायोलिनचं लावणं सोडून सा-प-सा-प असं लावतात. पांढरी पाचचा सा धरलास तर जी-डी-जी-डी. खालच्या दोन तारा आहेत तिथेच राहतात. वरच्या दोन मात्र एकेक पूर्ण स्वर उतरतात, आणि त्यांचा ताण एक पंचमांशाने कमी होतो. म्हणून त्या दोनच तारा जाड घे. १० ऐवजी ११, १४ ऐवजी १६. ताण पुन्हा पहिल्याजवळ येतो आणि बोटाला फरक जाणवत नाही.

गायकाने काळी चार मागितली तर सगळं अर्धा स्वर वर जातं आणि ताण १२ टक्क्यांनी वाढतो. एकेरी तारांना ते झेपतं. जोडतारांच्या जुन्या वाद्यावर मात्र कार्यक्रम संपला की उतरवून ठेव.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. ई ची तार तुटते म्हणून लोक जाड तार लावतात. उपयोग नसतो. त्याच लांबीवर तोच स्वर लावायचा तर तारेच्या प्रत्येक कणावर येणारा जोर बारीक आणि जाड तारेत सारखाच असतो. जाड तारेला ताणच जास्त द्यावा लागतो. तार किती वर चढेल हे लांबी आणि स्वर ठरवतात. ई ची तार वरच्या जी पर्यंत नेलीस तर ती कोणत्याही नंबरची असो, तुटण्याच्या काठावर उभी राहते.

सतारीची तार चालते का?

मिरजेला गेलीस तर सतारीच्या पोलादी तारेची वेटोळी दिसतील. गावात मँडोलिनची किंवा गिटारची तार मिळत नसेल तर साध्या दोन तारांची वेळ त्यांवर निभावून नेता येते. फक्त नंबर नीट समजून घे. सतारवाल्यांचा ३ नंबर म्हणजे साधारण ०.३० मिलिमीटर, म्हणजे गिटारवाल्यांचा १२. त्यांचा १ नंबर म्हणजे तुझा १०, आणि ५ नंबर म्हणजे तुझा १४. जमलं तर मायक्रोमीटर लावून बघ; आकडा तोंडी ऐकून आणलेली तार निम्म्या वेळा भलतीच निघते.

तिथली पितळी आणि कांस्याची तार मात्र चुंबकी पिकअपसाठी घेऊ नकोस. त्या तारेला पोलादी गाभाही नसतो, त्यामुळे अॅम्प्लिफायर पूर्ण मुका राहील. फास हातानेच वळावा लागतो. पीळ घट्ट आणि सारखा दे, नाहीतर तार सरकत राहते आणि तू ट्यूनरला दोष देतेस.

गोल गुंडाळी की चपटी

सर्वसाधारण तारेची गुंडाळी गोल तारेची असते, तिच्यावर बोट सरकलं की खरखर ऐकू येते. चपट्या पट्टीची गुंडाळी असलेल्या तारा गुळगुळीत असतात. थोमास्टिक-इन्फेल्ड या व्हिएन्नाच्या कंपनीच्या अशा मँडोलिन तारा नावाजलेल्या आहेत. आवाज गोल, जॅझसारखा, मींड घेताना बोट लोण्यावरून जातं. टिकतात फार. पण महाग आहेत, सगळीकडे मिळत नाहीत, आणि जुन्या गाण्यांची ती धारदार किणकिण त्यांतून येत नाही. वाद्याशी मैत्री झाल्यावर एकदा जरूर लावून बघ, सुरुवातीला नको.

तार चढवताना

सगळ्या तारा एकदम काढू नकोस. एकेक काढ, एकेक लाव. घोडी नुसती दाबावर उभी असेल तर सगळा ताण गेल्यावर ती पडते, आणि तिची जागा सापडायला अर्धा दिवस जातो. काढण्याआधी घोडीच्या दोन्ही पायांशी पेन्सिलीची बारीक खूण करून ठेव.

खुंटीवर साध्या तारेचे तीन-चार फेरे, गुंडाळीच्या तारेचे दोन-तीन. फेरे एकावर एक चढू देऊ नकोस, वरून खाली उतरत जाऊ देत. गिटारची तार मँडोलिनला फार लांब पडते. आधी मोजून, मग वाकवून, मग काप. गुंडाळीची तार वाकवण्याआधी कापलीस तर गुंडाळी आतून सुटते आणि तार मेल्यासारखी वाजते.

जाड तार लावली असेल तर नटच्या खाचेकडे बघ. तार खाचेत अडकली तर खुंटी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येतो आणि स्वर एकदम उडी मारतो. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घास. तरीही अडकत असेल तर खाच रुंद करायचं काम कारागिराकडे दे. कानस तू हातात घेऊ नकोस. खाच एकदा खोल गेली की नटच बदलावा लागतो.

नवी तार स्वरात लावून झाली की बोटांनी वर उचलून हलकेच ताण, पुन्हा लाव, पुन्हा ताण. स्वर उतरणं थांबेपर्यंत. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नव्या तारा लावू नकोस, निदान आदल्या दिवशी लाव.

घोडीला तिची जागा दाखव

तारेचा नंबर बदलला की घोडीची जागाही बदलते. बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून निघणारा हार्मोनिक ऐक, मग त्याच पडद्यावर तार दाबून स्वर ऐक. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी मागे, टेलपीसकडे सरकव. उतरा असेल तर पुढे. प्रत्येक तारेला वेगळा स्क्रू असेल तर काम सोपं. घोडी अखंड असेल तर ई आणि जी दोन्ही बघून मधला मार्ग काढ.

शेवटी पिकअप. तारांची पातळी सारखी नसेल तर पिकअपवरचे स्क्रू वरखाली करता येतात. ओरडणाऱ्या तारेखालचा थोडा खाली, दबलेल्या तारेखालचा थोडा वर. पण पिकअप तारांना फार चिकटवू नकोस. चुंबक तारेला ओढायला लागतो, स्वर लवकर विझतो आणि डोलायला लागतो.

आपल्या हवेत

कोकणात, मुंबईत, गोव्यात खारं वारं आणि पावसाळा दोन्ही तारेचे वैरी आहेत. वाजवून झाल्यावर सुती फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पूस. खालून पुसायला सगळे विसरतात आणि गंज तिथूनच लागतो. तेल लावू नकोस. गुंडाळीत शिरतं आणि धूळ धरून ठेवतं. वाद्य पेटीत ठेव, पेटीत सिलिका जेलची पुडी ठेव.

तार तुटायची वाट बघू नकोस. तार काळवंडली, पडद्यांच्या जागी खालून खळगे पडले, ट्यूनर बरोबर दाखवतो तरी वरचे स्वर बेसूर येतात, म्हणजे तिचं आयुष्य संपलं. आणि तार पुन्हापुन्हा एकाच जागी तुटत असेल तर पाकीट बदलून उपयोग नाही. तुटलेलं टोक कुठे आहे ते बघ. नटपाशी, घोडीपाशी की टेलपीसच्या आकड्यापाशी? तिथे धातूची बारीक धार असणार. बारीक पॉलिश पेपरने ती मोड.

आणि आता दुकानात जा

क्रम चुकवू नकोस. आधी पिकअप, मग गुंडाळीचा धातू, मग टोक, मग नंबर. दुकानदाराला ‘मँडोलिनच्या तारा द्या’ म्हणू नकोस. ‘इलेक्ट्रिक गिटारच्या निकेलच्या सुट्या तारा द्या: १०, १४, २६, ३६’ असं म्हण. त्याने भुवया उंचावल्या तरी पैसे याच तारांचे दे. घरी आल्यावर वहीत तारीख, नंबर, कंपनी आणि कोणत्या स्वरात लावलं ते लिही. पुढच्या खेपेला मला विचारायला येऊ नकोस, ती वही उघड.